शंभरातले पंचवीस

…आन् मलाच भाईर काढलं हो! मला! एक वरीस झालं, पुरं एक वरीस, ह्या बाईचं सगळं केलं, खाटेवर शी-सूचं भांडं दिलं, भांडं धुतलं, वेनी घातली, गोळ्या टायमावर चारल्या, आन् आज एक्सरेच्या खोलीच्या दारात त्या पोरीला म्हनते कशी, "ह्यायला भाईर बसवा, हे मधी मधी बोलत्यात." मधी मधी! तुमाला सांगतो, मी मधी बोललो नसतो ना तर… न्हाई, खरं म्हनलं तर मी मधी पडलो म्हनूनच सगळं… जाऊ द्या. तुमचं कोन हाय आत? माय? कवा पडली? परवा! खुबा मोडला? आन् आपरेशन उद्या? डाक्टर काय म्हनले, गोळा बदलायचा, अर्धा सांधा? …बगा! तेच! बराबर तेच आमचं! मंग ऐका भाऊ, ताई तुमीबी ऐका, च्या मंग घ्या, कारन की मागच्या साली मी ह्याच बाकड्यावर बसलो होतो आन् मला हे सांगनारा कोनी न्हवता. मला सगळ्यायनं एकच सांगितलं, आपरेशन सक्सेस. आता सक्सेस म्हनजे काय, हे कोन सांगनार?

मी सोनाजी. कनेरगाव नाक्यापासून आत दोन किलोमीटर आमचं गाव. घरात दोघंच, मी आन् वैजनाथची माय. वैजनाथ आमचं पोरगं, पुन्याला कंपनीत. मागच्या साली हेच दिवस. हळद शिजवून आंगनात ताडपत्रीवर वाळू घातली होती, ही राखन बसलेली, तेवढ्यात वासरू सुटलं आन् हळदीत नाचाया लागलं. ही उठली त्याला हुसकायला, ताडपत्रीची कड पायात आली, धाडकन पडली डाव्या अंगावर. मी बाजेवर होतो. बाजेवर म्हनजे… झोपलो होतो. सध्या झोपलो होतो असंच समजा.

मी उठून धावलो, तर ही म्हनते, "आदी वासरू बांधा." पाय मोडलाय बाईचा आन् वासरू बांधा! मी वासरू बांधलं. मंग शेजारचा देविदास आला. देविदास म्हनजे आमच्या गावचा सगळ्यातला जानकार, बैल लंगडला की देविदास, मोटर जळली की देविदास. त्यानं पाय दाबून पाह्यला, ही अशी किंचाळली की वासरानं परत दावं तोडलं. तो म्हनतो, "काय न्हाई काका, मुरगळलाय. तेल चोळा." अर्धी बाटली चोळली मी! दुसऱ्या दिवशी सकाळी चादर काढून पाहतो, तर पाऊल सगळं भाईर वळलेलं, आन् डावा पाय उजव्याहून दोन बोटं आखूड! देविदासला बोलवलं. त्यानं पाह्यलं, डोकं खाजवलं आन् म्हनतो, "तेल जास्त झालं का काय?"

जीपात घालून इथं आनली. डाक्टर दारात उभे होते, अजून स्ट्रेचर आत आलं न्हाई, त्यायनं नुसतं पाऊल पाह्यलं लांबून आन् म्हनले, "खुबा." बस. मंग एक्सरे लावला उजेडावर, मला बोट लावून दाखवलं, "बाबा, हा मांडीच्या हाडाचा गोळा, ही त्याची वाटी. गोळ्याची मान मोडली. ह्या वयात ही मान जुळत नाही. गोळा काढून नवा बसवायचा. वाटी त्यांचीच राहू द्यायची." मी म्हनलं, अर्धाच काहून? करून राहिले तं पुरा करा ना! एवढी बाई आनली आन् अर्धं काम? डाक्टर हसले, "वाटी चांगली आहे बाबा. अर्ध्यात काम लवकर होतं, ह्या वयाला झेपतं." म्हनजे जुन्या उखळात नवं मुसळ! म्हनलं बरं, तुमी शिकलेले मानसं.

आन् मंग, भाऊ, मंग त्यायनं मला केबिनात बसवलं. दार लावलं. डाक्टरनं दार लावलं की समजून जायचं. म्हनले, "बाबा, बायकोचं वय बहात्तर. ऑपरेशन नाही केलं तर अंथरुणाला खिळतील. केलं तर चालतील, चांगलं होतं बऱ्याच जणांचं. पण सांगणं माझं काम आहे… ह्या वयात खुबा मोडला, की शंभरातले वीस-पंचवीस जण वर्षभरात जातात."

शंभरातले पंचवीस.

त्याच्यापुढं डाक्टर बराच वेळ बोलत होते. तोंड हालून राहिलं होतं, हात हालून राहिले होते. मला काही ऐकू आलं न्हाई. कानात नुसतं शंभरातले पंचवीस, शंभरातले पंचवीस, इंजनवानी. मी व्हय व्हय म्हनलो आन् अंगठा… न्हाई, सही येती मला, सही केली. भाईर आलो तर ही स्ट्रेचरवरून विचारते, "काय म्हनले?" मी म्हनलं, "काय न्हाई, अर्धाच बदलायचा हाय." ती म्हनते, "मंग तुमचं तोंड काहून पुरं उतरलं?"

तिसऱ्या दिवशी आपरेशन झालं. डाक्टर भाईर आले, टोपी काढली, "बाबा, ऑपरेशन सक्सेस!" वैजनाथ आला होता पुन्याहून, तो रडला, त्यानं सगळ्यायला फोन लावले. फिल्म दाखवली डाक्टरनं, मांडीत असा पांढराशिप्पट गोळा, पुनवेचा चांद आत बसवल्यावानी. सगळे म्हनले काय सुंदर बसलाय. एकजन म्हनला न्हाई की आता पुढं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगी आली, दीक्षा नाव, व्यायाम शिकवनारी, फिजिओ म्हनत्यात त्यायला. चार फुटाची पोर असंल नसंल. आली तशी म्हनते, "चला आजी, उभ्या राहा." मी म्हनलं, ओ बाई, काल कापलंय तिला! ती म्हनते, "म्हणूनच आजोबा." आन् तिनं त्या चार पायाच्या वॉकरला धरून उभी केली हो हिला! चार पावलं चालवलं! बाजूच्या खाटेवर वसमतच्या पद्माबाई होत्या, त्यायचंबी तेच, त्याच दिवशी, तसाच गोळा. त्यायलाबी चालवलं. त्यायचे मालक पुंजाजी आन् मी, आमी दोघं भिंतीला टेकून डोळे झाकून उभे. ह्या दोघी बाया खो-खो हसून राहिल्या आमच्याकडं पाहून. पद्माबाई म्हनतात, "पार्बतीबाई, आपले गोळे नवे, मालक जुनेच राह्यले." दोस्ती झाली दोघींची. पुंजाजीचा नंबर मी घेतला, माझा त्यायनं.

सुट्टी देताना कागद दिला. दिवसातून चारदा चालवा, उशी पायामधी ठेवा, पायावर पाय टाकू देऊ नका, उंच खुर्चीवर बसवा. वैजनाथनं वाचून दाखवला मोठ्यानं, आठ दिवस राह्यला, आन् गेला. त्याची बायको पुनम रोज व्हिडिओवर, "आत्या चालल्या का?" मी म्हनायचो, व्हय व्हय, चालल्या.

चालल्या कुठं? मी चालू देईन तवा ना!

आता तुमी म्हनाल, काहून? अवो, मला त्या आकड्यानं पछाडलं होतं! ही जरा उठाया लागली की मला दिसायचं, पडली, मोडली, गेली. पंचवीसात गेली! मी म्हनायचो, "झोप! हालू नको! मी हाय ना!" पानी मागितलं, मी. उशी, मी. केस विंचरायचे, मी! सत्त्यात्तर वर्षाचा गडी, जिंदगीत कवा वेनी घातली न्हाई, यूट्यूबवर पाहून घातली. ती म्हनली, "ही वेनी हाय का कासरा?" तरी हसली होती तवा. सुरवातीला हसायची. "मला वॉकर द्या, दारापोतर जाते," म्हनायची. मी वॉकर कोठीत ठेवला. व्हय, लपवला! सांगतो ना खरं, आता तुमच्यापासून काय लपवायचं! म्हनलं, आदी ताकद येऊ दे अंगात, मंग चाल. शिरा करून घाल, दूध घाल, सफरचंद कापून घाल. खाटेवरून पाय खाली म्हनून टाकू दिला न्हाई. गावातल्या बाया यायच्या भेटाया, म्हनायच्या, "काय नशीबवान हो पार्बतीबाई, असा नवरा!" आन् मी फुगायचो!

दीड महिन्यानं दाखवाया आनली, चाकाच्या खुर्चीत. एक्सरे काढला. डाक्टर म्हनले, "वा! गोळा एकदम जागेवर. चालणं कसं आहे?" मी मधी बोललो, "मस्त हाय साहेब." डाक्टर म्हनले, "सक्सेस!"

पन मी पाहून राहिलो होतो ना घरी. बाई वाळून चालली होती. आपरेशनचा पाय सुतळीवानी. बोलनं कमी. पयले भांडायची माझ्याशी, मीठ जास्त झालं, भाकर कच्ची राह्यली… मंग तेबी बंद. कशीबी भाकर दिली तरी खाल्ली, न्हाई तर सारून ठेवली. भाऊ, तुमाला सांगतो, बायको भांडायची बंद झाली ना की घराचा आवाजच जातो. एक दिवस मला म्हनते, "हिरव्या लुगड्यावर पुनमचं मन हाय, तिला द्या." मी म्हनलं, काहून? "न्हाई, सांगून ठेवते." दुसऱ्या दिवशी म्हनते, "वासराला सांजच्याला पेंड भिजवून देत जा, तुमी इसरता." तिसऱ्या दिवशी म्हनते, "मला आता जाऊ द्या. तुमचेबी हाल होऊन राहिले." मी म्हनलं, कुठं जातीस? आपरेशन तं सक्सेस हाय की!

पुंजाजीचा फोन यायचा दर आठवड्याला. "कशा हायेत?" "बऱ्या हायेत. तुमच्या?" "बऱ्या हायेत." दोघंबी लबाड! मला कळायचं तो लबाड बोलतोय, त्याला कळायचं मी लबाड बोलतोय, आन् दोघायला बरं वाटायचं. अडीच महिने झाले आन् त्याचा फोन आला, वारबी तो न्हवता. मी म्हनलं, कशा हायेत? तो म्हनतो, "छाती भरली. पडून पडून छाती भरली. गेली काल."

त्यायचंबी आपरेशन सक्सेसच होतं, भाऊ.

मी फोन ठेवला. आत ही विचारते, "कोन?" मी म्हनलं, पुंजाजी. "पद्माबाई कशी हाय?" आन् माझ्या तोंडातून निघालं, "चालती म्हने. भाईर जाती." का म्हनलो असं? तिचं मन खचू नये म्हनून! तर ही भिंतीकडं तोंड करून म्हनते, "बगा. ती चालती. मीच मेली फुटक्या नशिबाची, पडून हाय." आता सांगा! खरं सांगितलं तर मरती, खोटं सांगितलं तर झुरती! मानसानं बोलावं तरी काय? पद्माबाई आज नाक्यावर गेली, पद्माबाईनं आज भाकरी केल्या, मी रोज त्या मेलेल्या बाईला चालवून राहिलो आन् माझी जिती बाई खाटेवर दिसामाशी बारीक होऊन राहिली!

त्यातच हिला खोकला लागला. मी पार गळालो. औषदाचा काढा, निलगिरी, छातीला शेक… आन् कंबरंच्या खाली, माकडहाडापाशी, रुपयाएवढा लाल डाग. मी पावडर लावली. दीक्षाचे फोन येत होते अधूनमधून, "आजोबा, व्यायाम घेता ना?" "घेतो की." "किती पावलं?" मी म्हनायचो, चाळीस. पन्नास. एकदा जोशात साठ म्हनलो. त्या पोरीला साठचा संशय आला! तीन महिने होत आले होते, आन् ती एक दिवस एसटीनं नाक्यावर उतरली आन् पायी आमच्या दारात! चपला काढल्या, हात धुतले, हिला कुशीवर केलं, डाग पाह्यला, पाय हातात घेऊन पाह्यला. मंग घरभर नजर फिरवली आन् म्हनते, "वॉकर कुठंय?"

मी म्हनलं… कोठीत.

तिनं कोठीचं दार उघडलं. वॉकरवर कांद्याची पोतडी ठेवलेली. माझ्याकडं वळली. लहान पोर, माझ्या नातीच्या वयाची, पन तुमाला सांगतो, मास्तरनं छडी घेतल्यावानी मी उभा. म्हनते, "आजोबा, आजीला वासरानं पाडलं असेल. पण पाडून तुम्ही ठेवलंय."

मी! मी पाडून ठेवलंय! तीन महिने सांभाळलं मी, अन्न गोड लागलं न्हाई मला, आन् मी? माझं डोकं फिरलं, भाऊ. मी ओरडलो, असा ओरडलो की देविदास कुंपनावरून डोकावला. "तुमाला काय जातंय! डाक्टरनं मला दार लावून सांगितलंय, शंभरातले पंचवीस जातात वर्षात! पंचवीस! चालवली आन् पडली तर कोन जबाबदार? ती वसमतची पद्माबाई गेली की! छाती भरून गेली! तिचंबी आपरेशन सक्सेस होतं! आता मी हिला—"

आन् माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलून बसलो ते.

खाटेवर ही. डोळे उघडे. खोकला बिकला सगळा थांबलेला. म्हनते, "पद्मा गेली?"

मी मान हालवली.

"कवा?"

"…पंधरा दिवस झाले."

"आन् तुमी रोज तिला नाक्यावर पाठवून राहिले?"

ती रडली, पदर तोंडाला लावून, आवाज न करता. दीक्षा तिच्या पायाशी बसून राह्यली, मी दारात. मंग डोळे पुसले आन् म्हनते, "किती म्हनले डाक्टर? शंभरातले पंचवीस?"

"व्हय."

"वर्षात?"

"व्हय."

"मंग बाकीचे पंच्याहत्तर कुठं गेले?"

मी म्हनलं, म्हनजे?

"म्हनजे ते जगले ना! तुमी मला पयल्याच दिवशी नेऊन बराबर पंचवीसात बसवलं. काहून? पंच्याहत्तरात जागा न्हवती का माझ्यासाठी?"

भाऊ, बावन्न वर्षं संसार केला, गनित मला येतं म्हनून बाजारात मी जायचो आन् ही घरी राहायची. आन् हे गनित मला तीन महिने सुचलं न्हाई! पंचवीस तेवढे दिसले, पंच्याहत्तर मानसं ढळढळीत समोर उभी, ती दिसली न्हाईत!

मंग मी बसलो खाली. आन् म्हनलं, ऐक, अजून एक सांगायचं हाय. त्या दिवशी मी झोपलो न्हवतो. तू हाक मारली, "अवो, वासरू सुटलं," दोनदा मारली. मी ऐकली. म्हनलं, उठंल तिची ती. अंगाचा आळस केला मी. मी उठलो असतो तर तुझा खुबा… सत्त्यात्तर वर्षाचा गडी, परक्या पोरीसमोर, लेकरावानी रडलो.

तर ही काय म्हनली असंल? म्हनते, "ठाऊक हाय मला."

काय ठाऊक?

"झोपलेल्या मानसाचा पाय हालत न्हाई. तुमचा हालून राहिला होता."

तीन महिने ठाऊक होतं बाईला! तीन महिने मी पापाचा धनी होऊन शिरा करून राहिलो, आन् ती ठाऊक असून खाऊन राहिली! मी म्हनलं, मंग बोलली काहून न्हाई? तर म्हनते, "तुमी एवढं करून राहिले होते, म्हनलं करू द्या, पन्नास वर्षांत पयल्यांदा करून राहिले. मला काय ठाऊक, तुमी मला पाटावर बसवून पोचवाया निघाले म्हनून!" आन् दीक्षाला म्हनली, "पोरी, आन तो वॉकर. कांदे खाली ओत."

उभी राह्यली, भाऊ. तुमाला वाटत असंल आता चाललीच तुरुतुरु. कशाची चालते! पाय थरथर थरथर, घाम, आन् शिव्या… वासराला शिव्या, ताडपत्रीला शिव्या, देविदासला, डाक्टरला, मला तं निराळ्याच. दोन पावलं. खाटेवर परत. दीक्षा म्हनली, "संध्याकाळी परत." संध्याकाळी तीन. दुसऱ्या दिवशी दुखलं म्हनून दिवसभर रडली, पन चार झाली. दीक्षानं मला सांगितलं, आजोबा, तुम्ही मागं उभं राहायचं, हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. हात न लावनं सोपं हो! तोंड? मी तोंडात पंचा कोंबून उभा राह्यलो खरंच. ती डाव्या बाजूला कलली की माझा जीव तिच्या आधी खाली पडायचा.

पंधरा दिवसानं दारापोतर. खोकला गेला, डाग वाळला. महिन्यानं आंगनात. वासरापाशी गेली, त्याच्या कपाळावर एक चापट हानली, मंग त्यालाच धरून उभी राह्यली. त्या दिवशी रात्री म्हनली, "भाकर कच्ची हाय." भाऊ, मी चुलीकडं तोंड करून हसलो.

नंतर डाक्टरला दाखवाया आलो तवा मी सगळं कबूल केलं, केबिनात, दार उघडं ठेवून. म्हनलं साहेब, तुमच्या त्या आकड्यानं घात केला. डाक्टरनं चष्मा काढला. "बाबा, त्या दिवशी पुढचंही सांगितलं होतं मी. जे पडून राहतात, त्यांची छाती भरते, अंगाला जखमा होतात, जास्त करून ते जातात. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी उभं करतो. म्हणून लवकर चालवा म्हणालो. तुम्ही व्हय व्हय म्हणत होतात."

म्हनत होतो! ऐकत कोन होता? हिचा सांधा अर्धा बदलला आन् म्या डाक्टर अर्धा ऐकला! मी म्हनलं, साहेब, कागदावर लिहून द्यायचं होतं. ते म्हनले, "कागदावरच होतं." आता काय करता? माझं आपरेशन करा म्हनलं, कानाचं.

आन् एक सांगतो, खोटी आशा देत न्हाई तुमाला. पयल्यावानी झालं न्हाई. डावा पाय कनभर आखूड राह्यला, कलून चालती. शेतात जाता येत न्हाई, वाकता येत न्हाई, ढेकळात पाय टिकत न्हाई. थंडीत ठनकतो. हळद निंदाया बाया निघाल्या की दारात उभी राहून पाहती, त्या वळल्या रस्त्याला की आत येती आन् काहीबाही आपटत राहती. मी विचारत न्हाई. डाक्टरच्या फिल्ममधी ते दिसत न्हाई, फिल्ममधी नुसता चांद. फिल्म पाह्यली की सक्सेस.

सहा महिने झाले तवा म्हनली, "मला वसमतला न्या." मी म्हनलं, एसटीची पायरी चढंल का? म्हनली, "चढंल न्हाई तर पडंल. तुमी फक्त पंचवीस मोजू नका." चढली. कंडक्टर थांबला बिचारा. पुंजाजीच्या दारात वॉकर घेऊन उभी राह्यली तर तो मानूस पाहतच राह्यला, कुनाला पाहून राहिला काय ठाऊक, आमच्याकडं का आमच्या बाजूला. पानी दिलं. मंग आत गेला, एक काठी घेऊन आला, नवीकोरी, खालच्या रबरावरचा कागदबी काढलेला न्हाई. म्हनला, "आनून ठेवली होती मी. वॉकर सुटला की लागंल म्हनून." ही म्हनली, "द्या." मी म्हनलं, अगं… ती म्हनली, "तुमी गप बसा. द्या भाऊ." तिथंच कागद काढला आन् त्या काठीवर आंगनभर एक फेरी मारली. पुंजाजी उंबऱ्यावर बसून पाहत होता. एक फेरी झाली, तो म्हनला, "अजून एक मारता का?" तिनं मारली. दुखत होतं, मला दिसत होतं. तिनं तीन मारल्या.

काल वरीस झालं, भाऊ. मी सकाळपासून तिच्या मागं मागं. खोकली का, दम लागला का, जेवली का. दुपारी म्हनली, "काय पाहून राहिले?" मी म्हनलं, काही न्हाई. दिवे लागनीला मला म्हनते, "संपलं का तुमचं वरीस? का अजून घंटाभर राह्यलंय?" बाईला तारीख ठाऊक होती! म्हनजे तीबी मोजत होती, आन् मला म्हनायची मोजू नका! मी वासराला पेंड टाकून आलो.

म्हनून सांगतो, ताई, उद्या तुमच्या मायचं होईल, डाक्टर टोपी काढून सक्सेस म्हनतील, रडा, फोन लावा, सगळं करा. पन त्यायला धरून बसवा आन् पुढचं विचारा, पुरं विचारा, लिहून घ्या. मायला भ्या वाटंल, तुमाला तिच्याहून जास्त वाटंल. आन् जी सेवा करताना गावातल्या बाया तुमाला शाबासकी देतील ना, ती सेवा आदी बंद करा. भांडू द्या मायला. भांडली की समजा गोळा बराबर बसलाय. आन् भाऊ, तुमी… तुमचा चेहरा पाहून राहिलो मी कवापासून. तुमालाबी दार लावून सांगितलं ना? …बगा. पंच्याहत्तर, भाऊ. पंच्याहत्तर.

आली! आली बगा, ती निळं लुगडं, काठीवाली. कलत येते पन कशी येते पाहा, सगळा रस्ता मोकळा करून. काय गं, काय म्हनले? …आं? "चांगलं हाय, पुढल्या वर्षी या." पुढल्या वर्षी! ऐकलं का भाऊ, डाक्टर पुढल्या वर्षी या म्हनले! अजून काय म्हनले? मी नसलो की तू काही विचारत न्हाई, म्हनून म्हनत होतो मी आत… बरं, बरं, मधी बोलत न्हाई. काय? …जागा? अगं कुठं जागा, बाकडं भरलंय, ह्यायची माय पडलीय, ही मानसं बसलीत, तुमी उठू नका हो ताई, बसा, बसा… व्हय, मी उठतो ना. उठलो. बस. टेक नीट. काठी दे इकडं, धरतो… न्हाई भाऊ, तुमीबी बसा, मला सवय हाय उभं राहायची. आमच्या घरात आता बसायचा हक्क मोडलेल्या हाडाला हाय, आन् माझी हाडं, दीक्षा म्हनते मानसाला दोनशे सहा असत्यात, ती मेली सगळीच्या सगळी धड हायेत!